पिकअपमध्ये रबर जळाल्याचा वास येतोय? पार्ट बदलायच्या आधी वास कधी येतो ते बघा

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. माझ्याकडे 2018 ची डिझेल पिकअप आहे, दीड टन पासिंगची, म्हणजे दीड टन माल भरायची परवानगी असलेली. नारायणगावातून टोमॅटो भरतो आणि ओतूर, मढ करत माळशेजने उतरून वाशी मार्केटला जातो. शंभर कॅरेट तरी असतातच. गेल्या महिन्यापासून घाट उतरून मोरोशीकडे आलो की केबिनमध्ये रबर जळाल्यासारखा घाण वास येतो, दोनदा तर डाव्या बाजूने धूर पण दिसला. एका मेकॅनिकने क्लच गेला म्हणून सांगितलं, पूर्ण सेट टाकला. दुसऱ्याने बेल्ट सांगितला, तो पण बदलला. वास आहे तसाच. येताना गाडी रिकामी असते, घाट चढते, तेव्हा काही वास नाही. मेव्हणा म्हणतो लोडच्या गाडीला वास येतोच, लक्ष देऊ नको. सीझनच्या आधी मागचे पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, वाढवून घेतले होते, बाकी गाडीला काही केलेलं नाही. आता सीझन भरात आहे, गाडी उभी ठेवली तर हप्ता कुठून भरू? काय करू ते सांगा."

दादा, बाकीचं सगळं नंतर बोलू, आधी एक ऐका. ही गाडी आत्ता आहे तशी भरून माळशेज उतरू नका. उद्याचं भाडं ठरलेलं असेल तर दुसऱ्याची गाडी लावून द्या, कमिशन गेलं तर जाऊ दे. मेव्हणे तुमच्या भल्यासाठीच बोलले असतील, पण लोडच्या गाडीला वास येतोच हे बरोबर नाही. ब्रेक नीट असेल, लोड पासिंगइतका असेल आणि गाडी गेअरमध्ये उतरवली तर घाटाखाली धूर यायचं काही कारण नसतं. धूर दिसला म्हणजे कुठलं तरी चाक हाताबाहेर तापलंय, आणि ते तुम्हाला दोनदा दिसलंय.

खरं तर तुमच्या पत्रातच अर्ध्याहून जास्त निदान आहे, फक्त ते दोन्ही मेकॅनिकनी विचारलं नाही असं वाटतं. वास उतरताना येतो, भरलेली असताना येतो, डाव्या बाजूने येतो, आणि पाटे वाढवल्यानंतर सुरू झालाय. या चार गोष्टी एकत्र ठेवल्या की क्लच आणि बेल्ट दोन्ही मागे पडतात आणि पहिला संशय ब्रेकवर जातो.

क्लच का नाही ते सांगतो, कारण तुमचे त्यात बरेच पैसे गेलेत. क्लच जळतो तो ओढताना. भरलेली गाडी चढावर उभी राहिली, हाफ क्लचवर धरली, उचलताना रेस जास्त आणि पाय अर्धाच सोडलेला, अशा वेळी प्लेट घसरते आणि तापते. उतारावर गाडी स्वतःच्या वजनाने खाली येत असते, क्लचला फारसं काम नसतं, अट एकच की तुम्ही उतरताना पाय क्लचवर ठेवून बसत नसाल. बसत असाल तर ती सवय आजच सोडा. येताना गाडी रिकामी असते म्हणून चढताना वास आला नाही एवढ्यावरून मी क्लचला पूर्ण सोडणार नाही, पण तो तपासायला सेट खोलायची गरज नसते. सपाट मोकळी जागा बघा, पुढे कोणी उभं नको, हँडब्रेक पूर्ण ओढा, ब्रेकवर पण पाय ठेवा, तिसरा किंवा चौथा गेअर टाका, थोडी रेस देऊन क्लच नेहमीसारखा सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट पकडतेय. चालूच राहिलं, गुरगुरत राहिलं तर घसरतेय. हे एकदाच करायचं, परत परत केलं तर चांगली प्लेट पण जळेल. रस्त्यावर कळायची खूण म्हणजे टॉप गेअरमध्ये पाय दाबला की इंजिनचा आवाज वाढतो, स्पीड वाढत नाही. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही.

मग मेकॅनिकला क्लच का वाटला? कारण नाकाला दोन्ही वास जवळजवळ सारखेच. ब्रेकचं लायनर असो की क्लच प्लेटचं फेसिंग, म्हणजे घासून पकड देणारा थर, दोन्हीत मटेरियल धरून ठेवायला फिनॉलिक रेझिन वापरतात, ते मर्यादेपलीकडे तापलं की तोच तो तिखट, रबर आणि कागद एकत्र जळाल्यासारखा वास येतो. म्हणून वास घेऊन पार्ट ठरवायचाच नाही. कधी येतो, कुठल्या बाजूने येतो, भरलेली असताना की रिकामी असताना, आणि उतरून बघितलं तर कुठली वस्तू तापलीय, हे बघायचं.

आता ब्रेकला नक्की काय होतंय ते बघू. शंभर कॅरेट म्हणजे वीस किलोने दोन टन माल, वर कॅरेटचं स्वतःचं वजन वेगळं. पासिंग दीड टनाचं. गाडीचं वजन धरलं तर सगळं मिळून चार टनाच्या आसपास जातं. चार टन वजन फक्त 500 मीटर उंचीवरून खाली आलं तर त्यातून जेवढी ऊर्जा निघते तेवढ्यात साधारण 58 लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीपर्यंत जाईल. हे मी घाबरवायला सांगत नाहीये, साधं वजन गुणिले उंचीचं गणित आहे, घरी पोरांना करून बघायला सांगा. ही उष्णता कुठे तरी जाणार. इंजिनने गाडी रोखली तर बराच भाग इंजिनमध्ये जिरतो, थोडा हवेत आणि टायरमध्ये जातो, आणि उरलेला सगळा चार ड्रम-डिस्कवर येतो. चारांपैकी एखादं चाक आधीच घासत असेल किंवा दोन चाकं कामच करत नसतील तर बाकीच्यांचं काय होईल बघा.

इथे तुमचे पाटे येतात, आणि मला सगळ्यात जास्त संशय याच जागेवर आहे.

बऱ्याच पिकअपमध्ये मागे चेसिसला एक छोटा व्हॉल्व्ह असतो, त्यातून एक दांडी किंवा स्प्रिंग निघून मागच्या हाऊसिंगला, म्हणजे मागच्या एक्सलला, जोडलेली असते. गॅरेजमध्ये त्याला एलएसपीव्ही म्हणतात, कोणी लोड व्हॉल्व्ह म्हणतात. मागच्या चाकांना ब्रेकचं प्रेशर किती द्यायचं ते हा ठरवतो. गाडी रिकामी असली की हौदा वर असतो, चेसिस आणि हाऊसिंगमध्ये अंतर जास्त असतं, तेव्हा तो मागचं प्रेशर कमी करतो, नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. लोड भरला की पाटे दबतात, अंतर कमी होतं, दांडी सरकते आणि व्हॉल्व्ह मागे पूर्ण प्रेशर सोडतो. कंपनीने याचं सेटिंग मूळ पाट्यांच्या हिशोबाने केलेलं असतं. तुम्ही जादा पाटे टाकले, गाडी मागून उचलली गेली, आता दोन टन भरले तरी पाटे पहिल्यासारखे दबत नाहीत. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. तो मागचं प्रेशर कापून टाकतो आणि दोन टनाचा सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडतो. पुढचे पॅड तापतात, जळतात, वास केबिनमध्ये येतो, आणि बघणारा केबिनच्या खाली क्लच आणि बॉनेटखाली बेल्ट शोधत बसतो.

आज गाडी सपाटीला उभी करून मागून वाकून बघा. तुमच्या गाडीला हा व्हॉल्व्ह आहे का, दांडी जागेवर आहे का, वाकलीय का, निसटून लोंबकळतेय का, की कोणी तारेने बांधून ठेवलीय. पाटे बदलताना ती दांडी आडवी येते म्हणून काढून ठेवतात आणि परत लावायची राहून जाते, असं होतं. पण तुम्हाला एक विनंती, स्वतः ती वर-खाली करून सेट करू नका, आणि मोकळी करून दे रे असं कोणाला सांगूही नका. मागे कायम पूर्ण प्रेशर गेलं तर परतीच्या रिकाम्या गाडीला पावसात ब्रेक मारल्यावर मागची चाकं सरळ जाम होतील. हे सेटिंग पुढच्या आणि मागच्या लाईनला प्रेशर गेज लावून करतात, म्हणून ऑथोराइज्ड सर्व्हिसला किंवा ज्याच्याकडे गेज आहे अशाकडेच जा. आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर जादा पाटे काढून टाका. पाटे वाढवल्याने हौदा वाकत नाही एवढंच. ब्रेक तेच राहतात, चेसिस तीच राहते, बेअरिंग तीच, टायर तेच. गाडी वजन झेलतेय असं नुसतं दिसतं.

पण डाव्या बाजूचा धूर एवढ्याने सुटत नाही. नुसतं प्रेशरचं असतं तर पुढची दोन्ही चाकं सारखी तापली असती. एकाच बाजूने धूर म्हणजे डावीकडचं एखादं चाक ब्रेक सोडल्यावर पण सुटत नाहीये, ब्रेक लागूनच राहतोय. त्यामुळे ही दुसरी गोष्ट वेगळी तपासा.

गाडी रिकामी घ्या, सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर चालवा, ब्रेक शक्यतो वापरायचाच नाही, थांबताना पण गेअर उतरवत हळूहळू थांबायचं. थांबल्यावर एकेका चाकाजवळ हाताची मागची बाजू न्या, लावायची नाही, नुसती जवळ न्यायची. चारही साधारण सारखी कोमट असतील तर ठीक. एखाद्यातून भट्टीसारखी धग आली तर चोर तेच. ड्रमवर पाण्याचा एखादा थेंब टाकून चर्र वाजतंय का बघितलं तरी चालेल, पण बादलीभर पाणी कधीच ओतू नका. तापलेला बीडाचा ड्रम किंवा डिस्क गार पाण्याने तडकते, आणि ती भेग लगेच दिसत नाही, पुढच्या घाटात दिसते. गॅरेजवाल्याकडे टेम्परेचर गन असेल तर अजून चांगलं, डाव्या-उजव्या चाकाचा आकडा समोरासमोर मिळतो.

तापलेलं चाक सापडलं की गार होऊ द्या, मग मेकॅनिककडून जॅकवर घ्या, खाली स्टँड लावूनच, नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली जायचं नाही. चाक हाताने फिरवा. जड फिरतंय? मग त्या चाकाचा ब्लीडिंगचा निपल, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, ढिला करायला सांगा. थोडं ऑइल उडालं आणि चाक लगेच मोकळं झालं तर प्रेशर आत अडकून राहतंय. याचं एक कारण सहसा लक्षात येत नाही, ते म्हणजे चाकाजवळचा रबरी ब्रेक होज. तो बाहेरून ठणठणीत दिसतो पण आतून फुगून बुजलेला असतो, पायाचा जोर असतो तेव्हा ऑइल पुढे जातं, पाय काढल्यावर परत यायला त्याला वाटच मिळत नाही. होज बदलला की काम होतं, आणि तो क्लच सेटच्या मानाने अगदी किरकोळ पैशात येतो. दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. निपल सोडून पण चाक जडच राहिलं तर अडकलंय ते लोखंड. पुढे डिस्क असेल तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना सुकल्यात किंवा पिस्टन गंजलाय, मागे ड्रम असेल तर व्हील सिलेंडर जाम आहे, नाहीतर शूची, म्हणजे लायनर बसवलेल्या कमानीची, स्प्रिंग तुटलीय, किंवा हँडब्रेकची केबल चिखल-पाण्याने आतून गंजून परत येत नाहीये. शेताच्या रस्त्यावरच्या गाड्यांना ही केबल नेहमीच त्रास देते. आणि ब्रेक मोकळा असून पण तेच चाक तापत असेल तर हबची बेअरिंग बघायला विसरू नका.

ड्रम काढला की आत नीट बघा, घाईने परत बसवू देऊ नका. लायनरवर काच चढल्यासारखी चकाकी आली असेल तर ते जळलंय, वरून पॉलिश पेपर मारून चार दिवस बरं वाटेल पण घाटात पकडणार नाही. लायनर तेलकट असेल तर हाऊसिंगचं ऑइल सील गेलंय, आधी सील बदला, मग लायनर, आणि तेल प्यायलेलं लायनर पेट्रोलने धुऊन परत वापरू नका. ड्रमवर निळे डाग किंवा बारीक भेगा असतील तर तो ड्रम भंगारात. टर्निंग करून, म्हणजे लेथवर आतून घासून, चालणार असेल तर ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, मापून बघायला सांगा, त्यापुढे गेला असेल तर नवा. लायनर बदलायचं तर एका एक्सलच्या दोन्ही बाजूंचं, एकाच चाकाचं बदललं तर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते. आणि आतली काळी धूळ हवा मारून उडवू देऊ नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसायची. तिथे काम करणाऱ्या पोराच्या छातीत जाते ती.

ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं? पत्रात तुम्ही लिहिलंय की पाट्यांशिवाय गाडीला काही केलं नाही, म्हणजे 2018 पासून तेच असेल तर हे नक्की करा, याला फार खर्च नाही. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी शिरलं की लवकर उकळतं. डॉट 3 नवं असताना किमान 205 अंशांपर्यंत टिकतं, पाणी धरल्यावर ती हद्द 140 वर येते. डॉट 4 नवं असताना 230, पाणी धरल्यावर 155. जळणाऱ्या लायनरजवळ एवढं तापमान गाठायला वेळ लागत नाही. ऑइल उकळलं की लाईनमध्ये वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल सरळ खाली जातं. घाटाच्या मध्यावर पेडल खाली गेलं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं, टाकीच्या झाकणावर जो डॉट नंबर असेल तोच. इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल यातलं काहीही ब्रेकच्या सिस्टिममध्ये जाता कामा नये, सिलेंडर धुवायला पण नाही, आतली रबरं फुगतात आणि मग चारही चाकं जाम.

पेडलवरून बरंच कळतं, म्हणून हे लक्षात ठेवा. पेडल मऊ पडून खाली चाललं तर ऑइल उकळलंय, हवा शिरलीय किंवा लीक आहे. पेडल नेहमीसारखं लागतंय पण गाडी थांबत नाही तर लायनर तापून पकड गेलीय. पेडल अचानक दगडासारखं कडक झालं तर पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाहीये. तिन्ही वेळी करायचं एकच, घाबरून क्लच दाबायचा नाही, गेअर उतरवत इंजिनवर गाडी रोखायची, हँडब्रेक थोडा थोडा घ्यायचा आणि पहिल्या मोकळ्या जागेत डोंगराच्या अंगाला लावायची.

हो, व्हॅक्यूमवरून बेल्टचं आठवलं. तुमचा बेल्ट चांगला असेल आता, पण ज्या वाचकांना वास सकाळी गाडी चालू केल्या केल्या येतो, सोबत किंचाळल्यासारखा आवाज येतो, किंवा एसी लावला की येतो, त्यांनी बेल्टच बघायचा. साधा व्ही बेल्ट असेल तर सर्वात लांब भागावर अंगठ्याने दाबून बघा, साधारण 10 मिलिमीटर दबायला हवा, गाडीच्या पुस्तकात नेमका आकडा असतो. बेल्ट काढून, इंजिन बंद असताना, प्रत्येक पुली हाताने फिरवा: अल्टरनेटर, वॉटर पंप, टेन्शनर, एसी असेल तर कॉम्प्रेसर. एखादी जड किंवा खरखरत असेल तर नवा बेल्ट पण आठवड्यात जळणार. आणि हे हलक्यात घेऊ नका, कारण बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. तो बेल्ट तुटला की बॅटरी चार्जिंग जातं तसंच दोन-चार ब्रेकनंतर पेडल कडक होतं. घाटात चार्जिंगचा लाल दिवा लागला तर पुढच्या गावात बघू म्हणायचं नाही, लगेच बाजूला घ्यायचं.

बाकी जागा भराभर सांगतो. सायलेन्सरला प्लास्टिकची पिशवी किंवा ताडपत्रीची दोरी चिकटलीय का, हे आधी बघा, फुकटचं काम आहे. भरल्यावर मागचा टायर हौद्याला किंवा मडगार्डला घासतोय का, टायरच्या आतल्या बाजूला चकचकीत पट्टा दिसतो. पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला असेल तर एक्सल सरकतो आणि असं होतं, आणि तुमचे पाटे नुकतेच खोललेत म्हणून यू बोल्ट टाईट आहेत का ते पण बघून घ्या. लांब पिकअपला प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांत असतो, मध्ये रबरात बसवलेली सेंटर बेअरिंग असते, ती गेली की ठराविक स्पीडला खालून थरथर आणि खरोखरच रबर जळाल्याचा वास येतो. टॅपेट कव्हरमधून ऑइल गळून गरम मॅनिफोल्डवर पडत असेल तर बॉनेट उघडल्यावर निळसर धूर दिसेल. वायर जळत असेल तर वास जास्त टोचतो, मासळीसारखा पण येतो काहींना, अशा वेळी गाडी बंद, किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. हॉर्न, फॉग लाईट, म्युझिक सिस्टिम फ्यूज आणि रिले न लावता जोडलेली असेल तर ते आजच नीट करून घ्या. बीएस 6 गाड्या, म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या, त्यांच्या सायलेन्सरमधला फिल्टर स्वतःला साफ करताना खूप तापतो आणि गरम उग्र वास येतो, तो बिघाड नाही, फक्त तेव्हा गाडी वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याशेजारी उभी करू नका.

परत तुमच्याकडे येतो. गाडी दुरुस्त झाल्यावर उतरायचं कसं ते पण लिहितो, कारण नवे ब्रेक पण जुन्या सवयीने पंधरा दिवसांत जळतील. ज्या गेअरमध्ये भरलेली गाडी तो घाट चढली असती त्याच गेअरमध्ये उतरवा, आणि तो गेअर उतार सुरू व्हायच्या आधीच टाका. न्यूट्रल करून डिझेल वाचतं हा समज काढून टाका, कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या, इंजिनात गेअरमध्ये पाय सोडून उतरताना डिझेल जवळपास बंदच होतं, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला ते लागतं. ब्रेकवर पाय सतत घासत ठेवायचा नाही, स्पीड वाढला की ठाम दाबून कमी करायचा आणि पूर्ण सोडायचा, मधल्या वेळात हवा लागून ड्रम गार होतात. मागचा गाडीवाला हॉर्न मारतोय म्हणून वेग वाढवू नका, जागा मिळाली की त्याला जाऊ द्या. वास आलाच तर मोकळ्या जागेत थांबा, गेअर टाकून ठेवा, चाकाला दगड लावा, आणि तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून ठेवू नका, ड्रम गार होताना आकसतो आणि शू आत पकडून बसतात. अर्धा तास तरी जाऊ द्या. पावसाळ्यात माळशेजला धुकं, दरडी आणि पर्यटकांच्या गाड्या असतात, तेव्हा थांबायच्या जागा आधीच मनात ठरवलेल्या बऱ्या.

आता हप्त्याचं. मला माहितीये की हे सगळं वाचून तुमच्या डोक्यात तोच आकडा फिरतोय. होज, ब्रेक ऑइल, लागलेच तर लायनर-पॅड आणि व्हॉल्व्हचं सेटिंग, पार्ट मिळाले तर हे दोन-तीन दिवसांचं काम आहे, सीझनभर गाडी उभी राहत नाही. कामाची सुरुवात तापलेलं चाक शोधण्यापासून करा, पार्टच्या यादीपासून नको. मेकॅनिकला सांगा की निपल सोडून काय झालं ते मला दाखव आणि मगच पार्ट आण. काढलेले पार्ट परत मागून घ्या. क्लचचा जुना सेट अजून त्याच्या कोपऱ्यात पडलेला असेल तर तो पण आणून बघा, फेसिंग रिव्हेटपर्यंत झिजलेलं नसेल, काळं पडलेलं नसेल, तर त्याच्याशी शांतपणे बोलता येईल, निदान लेबर तरी कमी करायला सांगा.

आणि कॅरेट पंचाहत्तरच्या वर भरू नका. पंचाहत्तर कॅरेटचा माल दीड टन होतो, कॅरेटचं वजन धरलं तर त्याहून थोडे कमीच बसतील. ओव्हरलोडला कायद्यात 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 असं आहे, एकदा पकडलं की वरच्या कॅरेटांचं भाडं कितीतरी खेपांचं गेलं. शेतकऱ्यांना सांगताना संकोच वाटत असेल तर दोन-तीन जणांचा माल वेगळ्या खेपेत लावा, किंवा शेजारच्या गाडीवाल्याशी बोलून वाटून घ्या, सीझनमध्ये त्यालाही भाडं हवंच असतं.

रिकाम्या गाडीची ती आठ-दहा किलोमीटरची चाचणी झाली की कुठलं चाक तापलं, पुढचं की मागचं, आणि मागे ती व्हॉल्व्हची दांडी कशी सापडली, एवढं लिहून पाठवा. पुढचं तापलं असेल तर मी आधी होज आणि कॅलिपर धरेन, मागचं असेल तर हँडब्रेक केबल आणि सिलेंडर. त्यावरून मेकॅनिकला काय विचारायचं ते पुढच्या अंकात लिहीन, तोवर गाडी गावातल्या सपाट रस्त्यावर, रिकामी किंवा अगदी हलक्या मालाने, तीही चाचणीपुरतीच चालवा.